इकोचा नॉब

गाणं संपवून मी गिटार पिशवीत भरत होते, तेव्हा अंकल आले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. अंकल म्हणजे वाडीचे मालक. अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची चिकूची वाडी आहे. झाडांच्या मधल्या जागेत टेबलं मांडून त्यांनी तिथे खाण्यापिण्याची सोय केली आहे. दर रविवारी संध्याकाळी एका कोपऱ्यात बसून मी गिटारवर गाते.

"बाय, तू गातेस छान," अंकल म्हणाले. "पण काय गातेस ते कोणाला कळत नाही. मघाशी एक जण विचारत होता, ही कोकणी आहे का."

"इंग्लिश होतं, अंकल."

"तेच सांगतोय."

मग त्यांनी टेबलावरचं चिकूचं एक वाळकं पान उचलून बाजूला टाकलं. वाईट बातमी द्यायच्या आधी लोक असं काहीतरी साफ करतात. पुढचा रविवार बघू, म्हणाले. सुधारलं तर ठीक, नाहीतर ते फोनवरची गाणी लावतील. गिऱ्हाइकाला जेवताना डोक्यात घुमणारा आवाज नको असतो. मी "हो अंकल" म्हटलं आणि पिशवीची चेन लावली.

वालीवला एका प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात मी काम करते. तिथलं माझं बहुतेक बोलणं ईमेलमधून चालतं. जेवायच्या सुट्टीत मी दुसऱ्यांचं ऐकते. बसमध्ये कानात गाणी असतात. आठवडाभरात माझ्या तोंडून जितके शब्द निघतात, त्यातले निम्म्याहून जास्त रविवारी त्या कोपऱ्यात निघतात. दुसरीकडे कुठे गायला बोलावलेलं नाही आणि मीही कुठे विचारायला गेले नाही. ती जागा गेली असती तर मी घरात गात राहिले असते, दार लावून. म्हणजे पूर्वीसारखी.

अंकलना जो आवाज घुमतोय असं वाटत होतं तो माझा नव्हता, काकांच्या मशीनचा होता. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. गावात हळद असो, बारसं असो, गणपती असो, नाहीतर पलीकडच्या आळीतला चर्चचा सण असो, साऊंड त्यांचा. माझ्या हातात पहिला माइक त्यांनीच दिला, मी शाळेत असताना, कुणाच्या तरी हळदीत. तेव्हापासून मी जिथे गाईन तिथे मशीन घेऊन तेच येतात. वाडीतले दोन स्पीकर अंकलचे आहेत. माइक आणि गिटार एकत्र करून त्या स्पीकरना पोचवायचं काम काकांचं जुनं मशीन करायचं.

त्या मशीनवर इकोचा एक नॉब आहे. त्यावरचे आकडे कधीच पुसले गेलेत. तो पूर्ण डावीकडे फिरवला तरी थोडा इको उरतोच, आणि काका तो कधी पूर्ण डावीकडे फिरवत नाहीत. माझ्या प्रत्येक शब्दामागून तोच शब्द पुन्हा येतो, मग पुन्हा, आणि तोवर मी पुढच्या शब्दावर गेलेली असते. हळदीत हे चालतं. तिथे गाणं सगळ्यांना पाठ असतं आणि आवाज लांबच्या आळीपर्यंत जायला हवा असतो. वाडीत चार पावलांवर बसलेल्या माणसाला मात्र नुसता गलका ऐकू येतो.

"आवाजाला अंग येतं त्यानं," काका म्हणतात.

इको नको, हे मी त्यांना कधी सांगू शकले नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं आणि पुसलं, असं बऱ्याचदा झालं. अंकलचं बोलणं त्यांना सांगणं तर शक्यच नव्हतं. म्हणून त्या मशीनचंच काम करणारा स्वतःचा छोटा मिक्सर घ्यायचं मी ठरवलं. काकांना सांगायचं, तुम्हाला दर रविवारी त्रास नको. त्यात इकोचा विषयच निघणार नव्हता.

मी इंग्रजीतले व्हिडिओ बघितले. एका माइकसाठी आणि एका गिटारसाठी काय लागतं हे समजायला वेळ लागला नाही. मिक्सर शेजारच्या स्टुलावर मावला पाहिजे, म्हणजे गाताना माझा हात त्यावर पोचेल. गिटारच्या आतला, आवाज पकडणारा पिकअप सरळ जोडता यावा अशी वेगळी जागा पाहिजे, नाहीतर तारांचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. आवाजातला जाडपणा आणि धार वेगवेगळी कमी-जास्त करता आली पाहिजे. बाकी सगळं ऐच्छिक. एकट्या गाणाऱ्या माणसाने थोडा तरी इको असलेला मिक्सर घ्यावा, असं झाडून सगळे सांगत होते. मी त्या एका बाबतीत कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलं. नॉब असला की तो कुणीतरी फिरवणार. नसला की प्रश्न मिटला.

नालासोपाऱ्याला आचोळ्यात वाद्यांचं एक दुकान आहे. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटून मी गिटार घेऊन तिथे गेले. दुकानदार साधारण काकांच्याच वयाचा, गळ्यात चष्मा अडकवलेला.

"कशासाठी पाहिजे? भजन, हळद, क्लास?"

"एकटीसाठी."

"म्हणजे?"

"मी आणि गिटार."

"मग बारा चॅनेलचा घेऊन ठेवा ना. पुढे बँड झाला तर?"

"होणार नाही."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि छोटे मिक्सर काढायला खाली वाकला. सहा चॅनेल लिहिलेला एक समोर ठेवला. यात माइक किती लागतात, असं मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. तो खरं सांगतो का ते बघायचं होतं.

"दोन," तो म्हणाला. "खोक्यावर सहा लिहितात, बाकीचे फोनबिन जोडायला. लोक घरी नेतात, सहा माइक घेऊन बसतात आणि मला शिव्या घालतात."

मग माझा त्याच्यावर विश्वास बसला. शेवटी दोन मिक्सर उरले, एकाच मापाचे, जवळजवळ एकाच किमतीचे. एकात इको होता, एकात नव्हता. मी इको नसलेल्यावर बोट ठेवलं.

"हा साधा आहे."

"साधाच पाहिजे."

त्याने माइक जोडला, गिटार जोडली, छोटा स्पीकर माझ्याकडे तोंड करून ठेवला. "बोला काहीतरी."

बोलण्यापेक्षा गाणं सोपं. इंग्रजी गाणं म्हणणार होते, पण दुकानात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी माझं स्वतःचं मराठी गाणं काढलं. ते तोवर मी वाडीत एकदाच म्हटलं होतं आणि कुणाला काही कळलं नव्हतं. आमच्या विहिरीवरचं गाणं आहे. पहिली ओळ साधी आहे, आमच्या विहिरीचं पाणी गोड होतं तेव्हा.

स्पीकरमधून आलं, आमच्या विहिरीचं पानी.

आमच्या घरात पानी म्हणतात. कोन, पन, आनि. गावात सगळेच तसं बोलतात. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी एक विषय फक्त. तिथे बाईंनी मला एकदा वर्गासमोर पाणी म्हणायला लावलं होतं, जमेपर्यंत. त्या चिडल्या नव्हत्या, उलट हसून सांगत होत्या, आणि वर्गही हसत होता. तेव्हापासून मी घरात पानी म्हणते, बाहेर जपून पाणी म्हणते आणि जमेल तिथे इंग्रजीत बोलते. इंग्रजीत ण नाही, ही माझ्या दृष्टीने त्या भाषेची मोठी सोय आहे. गाताना मी ण नीट म्हणते असं मला इतकी वर्षं वाटत होतं. स्पीकरमधून येणारा माझा आवाज इकोशिवाय मी त्या दुकानात पहिल्यांदा ऐकला.

"वसईच्याच ना तुम्ही? गावातल्या?" दुकानदाराने विचारलं.

"हो."

"पानीवरून कळलं. आमची मंडळी पण तुमच्याकडचीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, मीच आता पानी बोलायला लागलोय."

तो कौतुकाने बोलत होता. मी ती ओळ पुन्हा म्हटली, जिभेकडे लक्ष देऊन. या वेळी ण आला, पण इतका ठासून आला की गाणं तिथे अडखळलं. तिसऱ्यांदा परत पानी.

"हा पण ऐकून बघा एकदा," म्हणत त्याने वायरी दुसऱ्या मिक्सरला लावल्या आणि इकोचा नॉब निम्म्यावर नेला. मी तीच ओळ म्हटली. पा आणि नी एकमेकांत मिसळले. न होता की ण, ते मलाही सांगता आलं नसतं.

"कसं भरल्यासारखं वाटतं की नाही?"

"हा द्या," मी म्हटलं.

बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले तेव्हा काय झालं ते लक्षात आलं. इको घालवायला गेले होते आणि पैसे मोजून तोच घेऊन आले होते. परत जाऊन बदलून आणता आला असता. पण त्यासाठी दुकानदाराला कारण सांगावं लागलं असतं.

घरी आल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. आमच्याकडे नवी वस्तू हळदकुंकू आणि नारळाशिवाय वापरात येत नाही. मिक्सर, चटणीचा असो नाहीतर हा.

"नारळ फोडल्याबिगर लावतेस काय?" आई म्हणाली. "थांब. मशीन हाय ना? मंग तुझ्या काकाच्या हातनं फोडू दे."

"काकांना नंतर सांगू."

"मी फोन केला पन त्याला."

काका आले ते ओल्या हातांनीच. त्यांनी टेबलावरच्या खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोनाला आनलं?"

"मला."

"का? माझं मशीन मेलं काय?"

आई हसली. मी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "तुम्हाला दर रविवारी उचलून आणावं लागतं, म्हणून."

"मी कुठं उचलतो? टेम्पो उचलतो."

काकांनी मिक्सर दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट केला, वजन बघितलं. "एवढुसा? खायचा डबा हाय काय गो?" ते हे हसून म्हणाले, पण मिक्सर खाली ठेवताना त्यांनी तो मधोमध नीट ठेवला. गावातल्या पोरांनी मोठमोठे डीजे आणल्यापासून काकांना हळदीची बोलावणी कमी येतात. रविवारची वाडी त्यांच्यासाठी काय होती याचा मी तोवर विचार केला नव्हता.

त्यांनी नारळ उंबऱ्यावर फोडला, पाणी शिंपडलं, करंगळीच्या बाजूच्या बोटाने मिक्सरला कुंकू लावलं. मग वाकून एकेक नॉब बघायला लागले. इकोवर आले आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"हाय ना इको. मंग?" त्यांनी नॉब निम्म्याच्या थोडा पुढे नेला आणि त्याच कुंकवाच्या बोटाने तिथे ठिपका लावला. "हितं ठेव. याच्या खाली आनू नको, आवाज सुका पडंल. सुकं पायजे तर लोक अर्नाळ्याच्या मासळीबाजारात जातील, तुझ्याकडं कशाला येतील?"

"देवाचं कुंकू नॉबला लावतोस," आई म्हणाली.

"मशीनचीच पूजा हाय ना, वयनी."

निघताना ते म्हणाले, "उद्या येईन मी. नुसता बसेन." मी मान डोलावली.

रविवारी मी लवकर जाऊन मिक्सर स्टुलावर ठेवला, वायरी जोडल्या. सगळं बरोबर लागलं. गिटार आधीपेक्षा कितीतरी स्वच्छ येत होती. काका आले आणि माझ्या जवळच्या टेबलाशी बसले. नेहमी ते मशीनच्या मागे उभे असतात. बसल्यावर हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसावं, कारण त्यांनी मेन्यू कार्ड तीनदा उघडलं आणि फक्त सोडा मागवला. अंकल गल्ल्यावर होते. फोनला लावायची वायर त्यांच्यासमोर तयार पडलेली होती.

मी इकोचा नॉब कुंकवाच्या ठिपक्यावर ठेवून दोन इंग्रजी गाणी म्हटली. काका डोलत होते. दुसऱ्या गाण्यात समोरच्या टेबलावरची एक बाई शेजारणीकडे वाकून म्हणाली, "काय म्हणते?" शेजारणीने खांदे उडवले आणि दोघी पुन्हा जेवायला लागल्या. अंकलनी वायर हातात घेतली होती, नुसती गुंडाळत आणि सोडत होते. नवा मिक्सर आला तरी आवाज तोच, असं त्यांना दिसलंच असणार. त्यांनी मला वेळ दिला होता आणि तो संपत आला होता.

तेव्हा मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. स्टुलाकडे हात नेला आणि नॉब पूर्ण डावीकडे फिरवला. गिटारची एक तार छेडली. ती वाजली आणि थांबली, मागून काही आलं नाही.

काका ताडकन उठले. "गो, इको गेला. थांब, हात नको लावू, वायर सैल झाली असंल." ते मिक्सरकडे यायला निघाले.

"काका, ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "मीच बंद केला."

माइक तोंडासमोरच होता. ते सगळ्या वाडीला ऐकू गेलं, ऱ्हाऊ दे सकट. दोन-तीन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. काका तसेच उभे राहिले.

"का?"

"शब्द कळत नाय त्यानं."

"मला कळतात."

"मघाचं गाणं कशावर होतं?"

काकांनी जरा विचार केला. "इंग्लिश होतं," ते म्हणाले आणि जाऊन बसले. समोरच्या टेबलावरची बाई हसली.

मग मी विहिरीचं गाणं म्हटलं. पहिल्याच ओळीत पानी आलं. मी दुरुस्त करायला थांबले नाही, कारण थांबले असते तर तेही ऐकू गेलं असतं. आवाज उघडा वाटत होता. श्वास घेतलेला ऐकू येत होता, एका ठिकाणी सूर जरा खाली बसला तोही. पण पहिल्या कडव्यानंतर समोरच्या बाईने हातातला घास ताटात ठेवला आणि ती ऐकायला लागली. दुसऱ्या कडव्यात विहिरीचं पाणी खारं होत जातं आणि घरातली माणसं ते एकमेकांना सांगत नाहीत, असं आहे. ते म्हणताना मी काकांकडे बघितलं नाही.

टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. त्या थांबल्यावर काका आपल्या जागेवरूनच म्हणाले, "गो, आपल्या विहिरीचं पानी खारं कधी झालं?"

मी माइकमध्येच उत्तर दिलं. बाजूला व्हायचं सुचलं नाही. "झालंय, काका."

"कोन बोलतं? पलीकडच्या वाडीतली खारी झाली. आपली गोड हाय. मी रोज चाय पितो त्याच पान्याची."

"चहात साखर किती घालता ते सांगा आधी."

या वेळी बरीच माणसं हसली. काकाही हसले, पण त्यांना ते मान्य नव्हतं. मागच्या टेबलावरचे एक आजोबा म्हणाले, त्यांच्याकडे डाळ शिजेनाशी झाली तेव्हा कळलं. काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, "डाळीचं काय सांगता, डाळच जुनी असंल." समोरच्या बाईने, बोअरिंग मारल्यापासून सगळ्यांच्या विहिरी गेल्या, असं सांगितलं. गल्ल्यावरून अंकल म्हणाले, "आमची तर कधीच गेली. मी टँकर मागवतो, विचारा मला." त्यांनी हातातली वायर खणात टाकली आणि खण बंद केला, आणि टँकरवाल्याविषयी बोलायला टेबलांकडे आले.

मी गिटार धरून बसून राहिले. पुढच्या गाण्यासाठी कुणी थांबलेलंच नव्हतं. पाचेक टेबलांवर विहिरी चालल्या होत्या. काका सगळ्यांशी एकटे भांडत होते. मध्येच त्यांनी हात वर करून बाकीच्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"दुसरं कडवं परत म्हन," ते म्हणाले. "काय म्हनलीस ते पुरतं ऐकतो, मंग भांडतो."

मी दुसरं कडवं परत म्हटलं.